ओव्हरहेड म्हणजे काय रे भाऊ?

दर वर्षी दिवाळीच्या आसपास आमच्या कंपनीत एक एक्सेल शीट फिरते. लोकांच्या पगारातून कापलेले पैसे आणि त्यात कंपनीची भर, हे सगळं कुठल्या संस्थेला द्यायचं ते त्यावरून ठरतं. कॉलम तीनच: संस्थेचं नाव, दर लाभार्थी खर्च आणि ओव्हरहेड टक्के. शेवटच्या कॉलमला कंडिशनल फॉरमॅटिंग आहे. आकडा दहाच्या वर गेला की सेल लाल. लाल झालेली संस्था बाद. चर्चा नाही, फोन नाही, काही नाही.

मागच्या वर्षी मी एका छोट्या गटाचं नाव सुचवलं होतं. चार-पाच कार्यकर्त्या गावोगाव फिरून बायकांना रेशन, सातबारा, घरगुती हिंसाचाराचा कायदा वगैरे समजावतात. खर्च काय? मानधन, एसटीचं भाडं, झेरॉक्स. साहजिकच सेल लालभडक! आणि निवड कशाची झाली? शाळेला टॅब्लेट वाटपाची. फोटो छान आले, हे मान्य.

शीट बनवणारी मंडळी वाईट नाहीत हो. माझ्यासारखीच इंजिनियर आहेत, आणि आपल्या पैशाचा हिशेब मागण्यात गैर काय, असा त्यांचा सरळ प्रश्न आहे. हिशेब मागण्यात गैर काहीच नाही. पण तुम्ही जो मागताय तो हिशेब नव्हे, एवढंच मला आज सांगायचंय.

आधी या शीटमध्ये हिरवीगार दिसली असती अशी गोष्ट बघू. दक्षिण आफ्रिकेत 'प्लेपंप' नावाचं एक यंत्र निघालं. लहान मुलांचं गोल फिरणारं चक्र असतं ना बागेत, तसं चक्र बोअरवेलच्या पंपाला जोडलेलं. मुलं खेळणार, पाणी वर चढणार, टाकी भरणार, टाकीवर जाहिराती लावून देखभालीचा खर्च निघणार. काय आयडिया आहे!! सन २००० मध्ये जागतिक बँकेचं बक्षीस मिळालं. २००६ मध्ये न्यूयॉर्कला, क्लिंटन यांच्या परिषदेत, लॉरा बुश बाईंनी १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा केली. २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचे होते.

मग काय झालं? मुलं दमली. मुलं दमतातच, त्यांना खेळ हवा असतो, पाणी भरायची पाळी नको असते. मग ते चक्र कोणी फिरवायचं? गावातल्या बायकांनी. म्हाताऱ्या बायका कमरेत वाकून बागेतलं चक्र ढकलतायत, आणि तेही बऱ्याच ठिकाणी आधीचा चालू हातपंप काढून बसवलेलं. बिघडलं तर दुरुस्तीला महिनोन्‌महिने कोणी फिरकत नसे. एका यंत्राची किंमत साधारण १४ हजार डॉलर, म्हणजे साध्या हातपंपाच्या कितीतरी पट. २००९ मध्ये 'गार्डियन'मध्ये कोणीतरी साधा गुणाकार-भागाकार करून दाखवला: जेवढ्या लोकांना पाणी देऊ म्हणून सांगितलं होतं, तेवढं द्यायला मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल. शेवटी सगळा गाशा गुंडाळून उरलेला माल दुसऱ्या संस्थेच्या हवाली केला.

आपल्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंट गॅदरिंग झालंच नाही. युझर कोण तेच ठरलं नव्हतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे युझरला 'नको' म्हणायची सोयच नव्हती. पैसे देणारा न्यूयॉर्कला, बनवणारा जोहान्सबर्गला, आणि चक्र ढकलणारी बाई मोझांबिकमधल्या खेड्यात. तिच्या तक्रारीचं तिकीट कुठल्या क्यूमध्ये जाणार?

आता दुसरं टोक. सेनेगल. मॉली मेल्चिंग नावाची अमेरिकन मुलगी १९७४ साली डकारला शिकायला गेली आणि तिथलीच होऊन राहिली. वोलोफ शिकली, नुसती कामापुरती नव्हे, चांगली बोलायला लागली. १९९१ मध्ये तिने 'तोस्तान' ही संस्था काढली. तोस्तान हा वोलोफ शब्द. पिल्लू अंडं फोडून बाहेर येतं ना, ते. नाव सुचवलं होतं सेनेगलचे थोर इतिहासकार शेख अंता दियोप यांनी.

ही संस्था गावात देते काय? पंप नाही, लॅपटॉप नाही, इमारत नाही. एक माणूस देते. तो तिथलीच भाषा बोलतो, गावातच राहतो, त्याच्या राहण्याजेवणाचं गाव बघतं. तीन वर्षं वर्ग चालतात; मोठ्यांचा एक, वयात येणाऱ्या मुलामुलींचा एक. आणि क्रम बघा. सुरुवात पाटी-पेन्सिलीपासून नाही. सुरुवात 'तुम्हाला तुमचं गाव कसं हवंय' इथून, मग लोकशाही आणि मानवी हक्क, मग आरोग्य, आणि लिहिणं-वाचणं-हिशेब त्यानंतर! शिवाय गावाची एक समिती होते, १७ जणांची, त्यात किमान ९ बायका. पुढे गावाला एक छोटा निधी मिळतो, त्याचं काय करायचं ते समिती ठरवते.

दर लाभार्थी किती किलो काय मिळालं? शून्य. खर्च कशावर? पगारावर. आमच्या शीटमध्ये अख्खी तोस्तान लाल होईल.

आता या लाल सेलने काय केलं ते ऐका. ३१ जुलै १९९७ ला मालिकुंदा बांबारा नावाच्या गावातल्या बायकांनी जाहीर केलं की यापुढे आमच्या मुलींची खतना होणार नाही. (हे 'तिकडचं' आहे असं म्हणून नाक मुरडू नका. आपल्याकडे दाऊदी बोहरा समाजातल्या बायकाच या प्रथेविरुद्ध उभ्या राहिल्यात, आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलेलं आहे.) हे कोणी त्यांना करायला सांगितलं नव्हतं. वर्गात हक्क, शरीर, जंतुसंसर्ग, बाळंतपण यावर बोलणं चाललं होतं, त्यातून त्यांनी स्वतः काढलेला निष्कर्ष होता तो.

आणि आजूबाजूची गावं भडकली!

इथे खरा हुशार माणूस येतो. त्याचं नाव देंबा दियावारा. केर सिंबारा गावचा वडीलधारा, इमाम. त्याचं म्हणणं साधं होतं: आमच्या मुली शेजारच्या गावात नांदायला जातात, तिथल्या इकडे येतात. एका गावाने एकट्याने सोडलं तर त्या गावच्या मुलींना करून कोण घेणार? ठरवायचं तर सगळ्या सोयऱ्यांनी मिळून ठरवायला हवं. आणि मग हा म्हातारा पायी निघाला, गावोगाव, नातलगांशी बोलायला. कोणालाही रानटी न म्हणता, अंगावर काटा येईल अशी चित्रं न दाखवता. फेब्रुवारी १९९८ मध्ये दियाबुगूला १३ गावांनी मिळून जाहीरनामा केला. सेनेगलचा कायदा आला जानेवारी १९९९ मध्ये, म्हणजे या सगळ्याच्या नंतर.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. एकच सर्व्हिस नवीन प्रोटोकॉलवर नेली तर ती बाकीच्यांशी बोलूच शकत नाही, सगळ्यांनी एका रात्रीत बदलायला लागतं. जेरी मॅकी नावाच्या अभ्यासकाने १९९६ मध्येच चीनमधल्या मुलींचे पाय बांधण्याच्या प्रथेशी तुलना करून हेच मांडलं होतं: लग्नं जुळणाऱ्या सगळ्यांनी एकत्र सोडली तर अशी प्रथा एका पिढीत मोडते. देंबा दियावाराने तो पेपर वाचलेला नव्हता. त्याला स्वतःचे सोयरे माहीत होते. डकारमध्ये बसलेल्या कुठल्याही सल्लागाराकडे ती यादी नव्हती.

जाहीरनामा केला म्हणजे प्रथा संपली का? नाही. सेनेगलमधल्या पाहण्यांत अजूनही साधारण चारातली एक बाई खतना झालेली आढळते. त्यातही वोलोफांमध्ये ही प्रथा मुळात नव्हतीच. बांबारा, मांडिंका, फुला यांच्यात होती. त्यामुळे देशाच्या सरासरीवरून यशही मोजता येत नाही आणि अपयशही. जाहीरनाम्यानंतर गुपचूप चालू ठेवणारी घरं असणारच. पण दुरुस्त करणारी माणसं गावातच आहेत, हा फरक बारीक नाही.

आता मला अपेक्षित असलेला आक्षेप. 'गाव ठरवेल म्हणे! गाव काय ठरवतं ते माहितीये आम्हाला.' बरोबर आहे, आणि मराठी माणसाला तर चांगलंच माहीत असायला हवं. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याबद्दलच्या गोडगोड कल्पनांच्या ठिकऱ्या उडवल्या होत्या, आणि त्यातला एकही शब्द मागे घ्यायची गरज नाही. जातपंचायत हीसुद्धा 'लोकसहभागातून' चालणारी संस्थाच आहे की! तिच्यापायी आपल्याला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला.

म्हणून तर त्या वर्गात हक्क आधी आणि पाटी नंतर. म्हणून १७ मध्ये किमान ९. हक्कांशिवाय गावाच्या हाती दिलं तर पाटलाच्या हाती जातं. आणि गावाशिवाय नुसते हक्क दिले तर त्याचं परिपत्रक होतं. हे दुसरंही आपण पाहिलंय. ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला: मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. जबरदस्त गोष्ट. दोन आठवड्यांच्या आत सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींना परिपत्रक काढलं, हेरवाडसारखं करा म्हणून. हेतू उत्तमच. पण हेरवाडला जी माणसं एकमेकांशी बोलली, तो भाग परिपत्रकाबरोबर जात नाही. त्यासाठी कोणीतरी गावात जाऊन राहायला लागतं, त्याला पगार लागतो, आणि तो पगार तुम्हाला ओव्हरहेड वाटतो.

(कोणी म्हणेल की शिकवणाऱ्याचा पगार ओव्हरहेडमध्ये धरतच नाहीत. चांगल्या ताळेबंदात नसेलही धरत. आमच्या शीटमध्ये वस्तू सोडून सगळंच धरतात.)

हा रोग फक्त आमच्या एक्सेलचा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. २०१६ मध्ये मोठमोठ्या देणगीदार देशांनी आणि संस्थांनी 'ग्रँड बार्गेन' नावाचा करार केला, की २०२० पर्यंत मानवतावादी मदतीचा किमान २५ टक्के पैसा त्या त्या देशातल्या स्थानिक संस्थांना द्यायचा. थेट पोचलेला वाटा दोन-चार टक्क्यांच्या घरातच घुटमळत राहिला. २०२१ मध्ये अमेरिकेच्या यूएसएआयडीने तोच २५ टक्क्यांचा संकल्प २०२५ साठी सोडला, दहाच्या आसपास अडकले, आणि २०२५ मध्ये ती संस्थाच बंद करण्यात आली. कारण दर वेळी तेच: छोट्या गटांना ऑडिट जमत नाही, रिपोर्ट इंग्रजीत येत नाही, जोखीम आहे. म्हणजे वॉशिंग्टनच्या भाड्याने घेतलेल्या ऑफिसात बसलेला सल्लागार ही जोखीम नाही, आणि सोयऱ्यांची यादी तोंडपाठ असलेला इमाम ही जोखीम!

आणि आपल्या सरकारने तर हे कायद्यातच घातलं. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेतलेली भारतीय संस्था तो पैसा दुसऱ्या संस्थेला देऊच शकत नाही, ती दुसरी संस्था नोंदणीकृत असली तरीही. बाहेरून पैसा आणून तो पाच-पाच, दहा-दहा लाखांनी तालुक्याच्या गटांना देणं, त्यांचे हिशेब बसवून देणं, अशी सांधणारी कामं करणाऱ्या संस्थांचा कणाच त्याने मोडला. परदेशी पैशाचा गैरवापर होतो म्हणता? होत असेल, पकडा की. देणारा कळतो, घेणारा कळतो, सगळं बँकेतूनच जातं. मग बंदी कशाला? आता त्या मेळघाटातल्या चार बायकांच्या गटाने स्वतःची नोंदणी करायची, दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेत खातं काढायचं, आणि नोंदणीच्या अर्जासाठी गेल्या तीन वर्षांत कामावर १५ लाख खर्च केल्याचं दाखवायचं. त्यांच्याकडे १५ लाख असते तर त्यांनी तुमच्याकडे एसटीच्या भाड्याचे पैसे मागितले असते का?