उपचारांचीही तपासणी हवी

लैंगिक गुन्ह्यांतील कैद्यांवर इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांत १९९०च्या दशकापासून गट-मानसोपचार केले जात. त्यांचा उपयोग किती, हे न्याय मंत्रालयाच्या २०१७च्या अहवालातून समोर आले. उपचार घेतलेल्या २,५६२ कैद्यांपैकी १० टक्क्यांनी सुटकेनंतर सरासरी आठ वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्हा केल्याचे सिद्ध झाले. उपचार न घेतलेल्या कैद्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. गटात एकमेकांच्या कहाण्या ऐकून असे वागणे सर्वसामान्य वाटू लागले असावे, अशी शक्यता अहवालाने मांडली. हा कार्यक्रम बंद करून नवे उपचार आणले गेले. कैदी सुधारला की नाही, हे तज्ज्ञासमोरच्या त्याच्या बोलण्यावरून ठरवता येत नाही. सुटकेनंतरची वर्षे मोजावी लागतात. अंदाज चुकला, तर किंमत पुढची पीडित व्यक्ती मोजते.