जागा रयतेची, पाटी पुढाऱ्याची!

‘हलवायाच्या घरावर तुळशीपत्र’ ही म्हण आमच्या वाचकांस नव्याने शिकवावयास नको. माल हलवायाचा, दान करणारा भलताच, आणि पुण्य मात्र दान करणाराच्या खात्यावर! म्युनिसिपालिटीच्या जागा ‘सामाजिक संस्थां’स भाडेपट्ट्याने देण्याचा व्यवहार पाहिला म्हणजे ही म्हण आपोआप तोंडात येते. समाजमंदिर, व्यायामशाळा, अभ्यासिका, बालवाडीची खोली, खेळाचे मैदान ही उभी राहिली कोणाच्या पैशाने? पट्टी भरणाराच्या. त्याखालची जमीन कोणाची? शेतकऱ्याची. आणि दारावर हातभर अक्षरांत नाव कोणाचे? ज्याने पदरची एक वीटही लावली नाही, त्याचे!

आम्ही संस्थांचे वैरी नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. पिढ्यानपिढ्या लोकांच्या हाती पुस्तक देणाऱ्या अशा संस्था ज्या गावात आहेत, त्या गावाने संस्थांस नाके मुरडावी हे शोभणार नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करविली, त्यांस जागा दिल्या, इमारती दिल्या, पैसा दिला. ते दान पाटी लावण्यासाठी नव्हते. खेड्यातून आलेल्या पोरास पाठ टेकावयास जागा आणि पोटास भाकरी मिळावी म्हणून होते. तेव्हा जागा द्यावी की न द्यावी हा आमचा वादच नाही. कोणास द्यावी, कोणत्या अटीवर द्यावी आणि परत केव्हा घ्यावी, हा वाद आहे.

प्रथम ही मिळकत आली कोठून ते पाहू. ठाण्याची महानगरपालिका १९८२ साली झाली, कल्याणची १९८३ साली. आणि भोवतालची गावे त्यांच्या हद्दीत ओढली गेली. कल्याण-डोंबिवलीच्या सत्तावीस गावांचा तर चेंडूच झाला. १९८३ साली आत, २००२ साली बाहेर, २०१५ साली पुन्हा आत! विकास आराखड्याच्या नकाशावर ज्या चौकोनात साहेब ‘उद्यान’, ‘शाळा’, ‘समाजमंदिर’ असे लिहितो, त्या चौकोनाखाली कोणा आगऱ्याचे, कोणा कुणब्याचे भाताचे खाचर असते. बिल्डर म्हणतो, ‘समाजमंदिर मी पालिकेस बांधून दिले.’ पण ते फुकट दिले काय? त्याच्या बदल्यात त्याने जादा बांधकामाचा हक्क पदरात पाडून घेतला, आणि त्या जादा मजल्यांच्या पाण्याचा, गटाराचा, रस्त्याचा भार आपणा सर्वांच्या माथी बसला. म्हणजे या खोलीची किंमत रयतेने दोनदा मोजली, एकदा जमिनीने आणि एकदा त्रासाने. ती खोली वाटण्याचा मान मात्र तिसऱ्याचाच!

आमच्या शेतकरी बंधूंस हा प्रकार समजावयास अवघड नाही, कारण इनाम म्हणजे काय हे त्यांच्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे. इनाम मुळात सेवेबद्दल असे. जो गावाचे काम करील, त्याने गावची जमीन खावी. पुढे काय झाले? सेवा राहिली कागदावर, जमीन राहिली घरात, आणि बापामागून लेक ती भोगू लागला. ही कीड एवढी वाढली की स्वराज्य आल्यावर कायदे करून ती खणून काढावी लागली. खोती १९४९ साली गेली, कुलकर्णी वतन १९५० साली, जातइनामे १९५२ साली. पण आता शहरात नवे इनामदार निपजत आहेत, त्यांची पगडी तेवढी निराळी! संस्थेच्या पत्रकावर अध्यक्ष पुढारी, चिटणीस त्याचा भाऊ, खजिनदार त्याची मंडळी. उद्देश काय? ‘समाजसेवा’. सेवा काय? वर्षातून एक आरोग्य शिबिर आणि वाढदिवसाचा फलक! बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस खोलीला कुलूप, नाही तर लग्नामुंजीस भाड्याने. हे चित्र ज्या ज्या वॉर्डात दिसेल, त्या त्या वॉर्डात इनामदारी पुन्हा रुजली असे समजावे.

कोणी म्हणेल, कायदा काय झोपला आहे? नाही, कायदा जागा आहे. पण तो गरिबाच्याच दारी जागा असतो. या दोन्ही पालिका ज्या १९४९ सालच्या कायद्याने चालतात, त्याच्या ७९ व्या कलमात असे घातले आहे की पालिकेची स्थावर मिळकत चालू बाजारभावाहून कमी मोबदल्यात विकता वा भाड्याने देता येत नाही. बाजारभावाची ही भिंत चोर अडविण्यासाठी बांधली. पण चोर भिंतीवरून उडी मारतो आणि भला माणूस दारात अडतो. पापड-मसाले करणाऱ्या बायांचा बचत गट खोली मागावयास गेला की साहेब त्यांस बाजारभाव दाखवितो. त्यावर अनामत रक्कम, तीन वर्षांचा तपासलेला हिशेब आणि उलाढालीचा दाखला मागितला की बिचाऱ्यांचे पाय उंबऱ्यातच थिजतात. ज्याचा हात वरपर्यंत पोचतो, त्याच्यासाठी मात्र ‘नाममात्र भाडे’ हा शब्द कोठून तरी उगवतो. बाजारभाव दुबळ्यास आणि नाममात्र भाडे बलवंतास, हा कोणत्या देशीचा न्याय?

याच कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा कमिशनरसाहेबांस एकट्याने देता येत नाही. लोकांनी निवडलेल्या सभेची मंजुरी लागते. पण कल्याण-डोंबिवलीच्या सभेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. आणि पुढचे मतदान झाले थेट जानेवारी २०२६ मध्ये! मधली सारी वर्षे प्रशासकाची. मागणाराही तोच, मंजूर करणाराही तोच. एका हाताने अर्ज लिहावा आणि दुसऱ्या हाताने त्यावर ‘ठीक’ म्हणून सही करावी! त्या काळात दिलेला प्रत्येक पट्टा वाईटच असेल असे आम्ही म्हणत नाही. पण जे लोकांच्या डोळ्यांसमोर झाले नाही, ते आता लोकांसमोर वाचून दाखविण्यास कोणाची हरकत असावी? नव्या सभेने पहिल्या प्रथम हेच काम हाती घ्यावे.

शेजारच्या मुंबईचा धडा तर डोळ्यांपुढे आहे. तेथे मैदाने व उद्याने ‘दत्तक’ आणि ‘काळजीवाहू’ म्हणून संस्थांस दिली. काळजी कोणी किती वाहिली ते देव जाणे. पण काही मैदानांवर क्लब उभे राहिले, दारावर पहारेकरी आला, आणि जेथे पोरे चेंडू खेळत तेथे वर्गणीदार साहेब आरामखुर्चीत बसू लागले. जानेवारी २०१६ मध्ये पालिकेने याच धर्तीचे नवे धोरण मंजूर केले तेव्हा लोकांनी ओरड केली, मुख्यमंत्र्यांनी त्यास स्थगिती दिली आणि दोनशेहून अधिक जागा परत घेण्याचा हुकूम सुटला. देताना एक सही पुरली. घेताना वर्षे गेली. सर्वोच्च न्यायालयाने तर २०११ सालीच भोपाळच्या एका प्रकरणात बजावले आहे की सार्वजनिक जमीन जाहिरात न देता, इतरांस मागण्याची संधी न देता, कोणा एका संस्थेच्या पदरात टाकता येणार नाही. मग आपल्या जिल्ह्यात निराळा न्याय का असावा?

यावर काही शहाणे म्हणतात, ‘कटकटच नको, लिलाव करा, जो जास्त देईल त्यास द्या.’ पुण्यात २०२१ साली सुविधा भूखंड लांब मुदतीने भाड्याने देण्याचा घाट घातला गेला, तेव्हा असाच हिशेब मांडला होता, आणि नागरिकांनी त्यास विरोध केला तो योग्यच केला. लिलावात लोहाराची अभ्यासू लेक बोली लावणार आहे काय? भाजीवालीच्या मुलाची बालवाडी बोली लावणार आहे काय? पुढाऱ्याच्या तोंडातून काढून सावकाराच्या तोंडात घालणे याला सुधारणा म्हणत नाहीत.

असो. आमचे मागणे साधे आहे. खोली रिकामी झाली की वॉर्डात आणि वर्तमानपत्रात मराठीत नोटीस लागावी. सवलत द्यावयाची तर ती उघड ठरावाने द्यावी, त्यासाठी कायद्यात वाट नसेल तर सरकारने ती करून द्यावी. आणि बाजारभाव किती, भाडे किती व मधल्या फरकाबद्दल संस्था कोणती सेवा देणार, हे त्या ठरावात लिहावे. किती मुले शिकणार, दार किती तास उघडे राहणार, सारे मोजता येईल असे असावे. पट्टा तीन वर्षांहून मोठा नसावा. नगरसेवक, आमदार, खासदार वा त्यांचे नातलग ज्या संस्थेत पदावर असतील, तीस जागा देऊ नये. जातपात, धर्म, पक्ष पाहून कोणास दारातून परत लावू नये. ज्या गावची शेते गेली, त्या गावच्या बचत गटास, भजनी मंडळास, कारागिरांच्या मंडळीस पहिला मान असावा. आणि पाटीवर नाव एकच असावे, महानगरपालिकेचे! कुळकायद्याच्या काळात आपण ‘कसेल त्याची जमीन’ म्हटले. आता म्हणू, सेवा करील त्याची खोली, आणि करील तोवरच!

‘गरिबांस हिशेब ठेवता येत नाही’ असे कोणी म्हणाल्यास त्यास बचत गटाची वही दाखवावी. दर महिन्याला शंभर-शंभर रुपयांची नोंद चुकू न देणाऱ्या बाया एक खोली सांभाळू शकत नाहीत काय?

पण बंधुभगिनींनो, मागून मिळेल अशा भ्रमात राहू नका. माहितीचा अधिकार २००५ सालचा आहे. दहा रुपयांचे तिकीट लावा, एकाच विषयावर, दीडशे शब्दांच्या आत अर्ज लिहा. तीस दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यास भाग आहे. दारिद्र्यरेषेखालील घरास ते दहा रुपयेही माफ. आपल्या वॉर्डात पालिकेच्या कोणत्या वास्तू कोणत्या संस्थेकडे आहेत, कोणत्या ठरावाने, किती मुदतीने, किती भाड्याने, आणि थकबाकी किती, एवढेच विचारा. अर्ज लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या आपल्या पोरीकडून लिहवून घ्या. उत्तर आले की ते पारावर, नाक्यावर, मंदिराच्या ओट्यावर मोठ्याने वाचा. ज्याने प्रामाणिक सेवा केली असेल त्याची मान ताठ राहील, आणि आपण त्यास हार घालू. ज्याने केली नसेल, त्याची पाटी उतरविण्यास शिडी आपणच धरू!