पाळणाघर कुणाचे काम?

मुंबईत बाईसाठी संस्था नाहीत असे कुणी म्हणू नये. मलबारी आणि दयाराम गिडूमल यांनी १९०८ साली सेवासदन काढले. पुण्यात १९१६ साली स्थापन झालेले महिला विद्यापीठ १९३६ मध्ये इथे आले. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. शिक्षण झाले, कर्ज झाले. मग बाई अडते कुठे?

वस्तीत विचारा. शिवणवर्गात नाव घातलेली बाई दुसऱ्या महिन्यात येईनाशी होते. शिकवणाऱ्या म्हणतात, चिकाटी नाही. (वर्ग दुपारी दोन ते चार, अंगणवाडी त्याआधीच सुटलेली!) तान्हे मूल आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर जाते आणि तिची शाळा बुडते. म्हणजे आईला शिकवायचे ते मुलीचे शिक्षण तोडून.

२०१७ च्या कायदादुरुस्तीने पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती आली. चार घरची धुणीभांडी करणारीची आस्थापना कोणती? बांधकामावरसुद्धा पाळणाघर चालवता येते, हे मोबाइल क्रेशने १९६९ साली दिल्लीत आणि पुढे मुंबईतही दाखवून दिले. तरी देणगीदार शिवणयंत्रेच देतात. यंत्राचा फोटो निघतो. मुले सांभाळणारीचा पगार मात्र दरमहा द्यावा लागतो. नवा प्रशिक्षणवर्ग मंजूर करताना महापालिकेने पहिला प्रश्न विचारावा, पाळणाघर कुठे आहे? आणि ते चालवणारीला मानधन नव्हे, पगार द्यावा.