मासे मोजण्याआधी नियम तपासा

केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने देशातल्या सागरी मत्स्यसाठ्यांचा २०२२ सालचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात तपासलेल्या १३५ साठ्यांपैकी ९१.१ टक्के साठे सुस्थितीत असल्याचा निष्कर्ष आहे. हा आकडा कोणत्याही बंदरावर वाचून दाखवला, तर पहिला प्रश्न ठरलेला: मग मासळी गेली कुठे? अशा वेळी आपल्या क्षेत्रात लगेच दोन तट पडतात. कोळ्यांना रडगाण्याची सवयच आहे, असे एक तट म्हणतो. शास्त्रज्ञ खुर्चीत बसून आकडे जुळवतात, असे दुसरा म्हणतो. दोघेही वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत असतात आणि ते दोघांच्याही लक्षात येत नाही. अशा आढाव्यांच्या मुळाशी असलेले प्रारूप मिल्नर शेफर यांनी १९५४ मध्ये मांडले. त्यानुसार मासेमारी सुरू होण्यापूर्वी जेवढा साठा होता, त्याच्या निम्म्यावर तो आला की त्याची वार्षिक वाढ सर्वाधिक होते. म्हणजे निम्मा उरलेला साठा व्याख्येनेच सुस्थितीत, किंबहुना आदर्श स्थितीत असतो. त्याच साठ्यावर जाळे टाकणाऱ्या नाखव्याला मात्र एका फेरीत पूर्वीच्या निम्मी मासळी मिळते, आणि डिझेल पूर्वीइतकेच, बहुधा जास्तच, जळते. अहवाल खरा आणि तक्रारही खरी, हे एकाच वेळी शक्य आहे.

म्हणून प्रारूपांवर विश्वास ठेवायचा की नाही, हा वाद आम्हाला निष्फळ वाटतो. प्रारूपाकडून आपण कोणते काम मागतो, हे विचारायला हवे. आजवर आपण त्याला एकच प्रश्न विचारत आलो, समुद्रात मासा किती आहे? या प्रश्नाचे उत्तर प्रारूप देते, पण ते ज्या आधारावर देते तो आधार आपल्याकडे सर्वांत कच्चा आहे. पकडलेली मासळी ही मासेमारीचा जोर, साठा आणि जाळ्यांची कार्यक्षमता या तिन्हींचा गुणाकार, असे प्रारूप मानते. यातली कार्यक्षमता वर्षानुवर्षे तीच राहते, असे गृहीत धरले की उरलेल्या आकड्यांतून साठा काढता येतो. प्रत्यक्षात ज्या नौकेने जीपीएस घेतला, मग मासे शोधणारे ध्वनियंत्र बसवले, इंजिनाचे अश्वबल वाढवले आणि एका दिवसाच्या फेरीऐवजी आठ-दहा दिवस समुद्रात राहायला सुरुवात केली, ती नोंदवहीत मात्र एकच नौका म्हणून मोजली जाते. साठा घटत असतानाही तिची पकड टिकून राहते आणि प्रारूप सांगते, सारे ठीक आहे. उलटेही घडते. २०१९ मध्ये महाराष्ट्राची सागरी मासळी २.०१ लाख टनांवर आली. आदल्या वर्षीच्या २.९५ लाख टनांपेक्षा ती सुमारे एक तृतीयांशाने कमी होती आणि ४५ वर्षांतला तो नीचांक होता. पण त्याच वर्षी अरबी समुद्रात क्यार आणि महा ही चक्रीवादळे ऐन हंगामात आली आणि नौका बंदरात बांधून पडल्या. त्या घटीपैकी किती घट माशांची आणि किती बुडालेल्या दिवसांची, हे एकट्या उतरलेल्या मासळीवरून ठरवता येत नाही.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाची गोष्ट आपल्याकडे हावरटपणाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. १९६८ मध्ये तिथे आठ लाख टनांहून अधिक कॉड पकडला गेला, त्यात परदेशी ट्रॉलरचा वाटा मोठा होता. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांचे क्षेत्र आपल्या ताब्यात घेतले, परदेशी नौकांना आवर घातला आणि दरवर्षी साठ्याचे मूल्यमापन करून पकडीची मर्यादा ठरवायला सुरुवात केली. जगात त्या काळी उपलब्ध असलेले उत्तम शास्त्र तिथे राबत होते. शास्त्रज्ञांच्या हाती दोन मापके होती. एक, संशोधन नौकेने ठरावीक पद्धतीने निवडलेल्या ठिकाणी जाळे ओढून केलेली पाहणी. दुसरे, व्यापारी ट्रॉलरांची दर तासाची पकड. दुसऱ्यातले आकडे चढत गेले, कारण उरलेला कॉड कमी जागेत दाट थवे करून राहू लागला होता आणि ट्रॉलर नेमके तिथेच जात होते. दोन मापकांमधली दरी रुंदावत असताना दोन्ही मिळून मधला मार्ग काढला गेला. किनाऱ्याजवळ छोट्या होड्यांनी मासेमारी करणारे लोक मासा लहान आणि विरळ झाल्याचे सांगत होते. १९८६ मध्ये त्यांच्या संघटनेने स्वतंत्र जीवशास्त्रज्ञांकडून अधिकृत मूल्यमापनाची चिकित्साही करून घेतली. १९८९ मध्ये शास्त्रज्ञांना आपला अंदाज फार वर होता हे उमगले आणि ठरलेल्या सूत्रानुसार मर्यादा १,२५,००० टनांवर यायला हवी होती. शासनाने ती २,३५,००० टन ठेवली. २ जुलै १९९२ रोजी मासेमारी बंद करावी लागली. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली ती बंदी २०२४ पर्यंत टिकली.

या हकिकतीत हावरटपणा आहेच, पण आपल्या कामाचा धडा दुसराच आहे. मर्यादा कमी करण्याचे सूत्र होते, तरी अंदाज अचानक निम्म्यावर आला तर काय करायचे, हे आधी कोणी ठरवले नव्हते. म्हणून तो निर्णय मंत्र्याच्या टेबलावर, रोजगाराच्या दडपणाखाली, ऐनवेळी झाला. बंदी उठण्याची कथाही बोधक आहे. २०२३ मध्ये प्रारूपात १९५४ पर्यंतची जुनी माहिती घेतली गेली, धोक्याची रेषा नव्याने आखली गेली आणि तोच साठा 'गंभीर' गटातून 'सावध' गटात आला. एका रात्रीत समुद्रात मासे वाढले नव्हते. रेषा हलवण्यात लबाडी होती असे आम्ही म्हणत नाही, कारणे शास्त्रीयच होती. पण ज्या निर्णयाचा सारा भार एका रेषेवर आणि एका अंदाजावर असतो, तो निर्णय अशाच प्रकारे हलतो.

याला पर्याय गेल्या तीस-पस्तीस वर्षांत तयार झाला आहे आणि आपल्याकडे त्याची चर्चा फारच कमी होते. सदर्न ब्लूफिन ट्यूना हा मासा फक्त जावा आणि ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यामधल्या समुद्रात अंडी घालतो आणि तिथून दक्षिणेचे महासागर पालथे घालतो. २००६ च्या सुमारास उघड झाले की त्याची पकड अनेक वर्षे मोठ्या प्रमाणात कमी दाखवली गेली होती, म्हणजे मूल्यमापनाचा पायाच डळमळीत होता. त्या वेळी संबंधित आंतरराष्ट्रीय आयोगातले शास्त्रज्ञ खरा आकडा कोणता यावर वाद घालत बसले असते, तर मासा संपला असता. त्यांनी संगणकात एक समुद्र न मांडता अनेक समुद्र मांडले. एकात लपवलेली पकड थोडी, दुसऱ्यात प्रचंड. एकात नव्या पिल्लांच्या पिढ्या भरघोस, दुसऱ्यात सलग अपयशी. एकात पकडीच्या नोंदी विश्वासार्ह, दुसऱ्यात फसव्या. मग पकडीची मर्यादा ठरवण्याचे वेगवेगळे नियम या प्रत्येक समुद्रात पुढची कित्येक वर्षे चालवून पाहिले. ज्या नियमाने वाईट समुद्रांतही साठा सावरला, तो २०११ मध्ये स्वीकारला गेला. तो दर तीन वर्षांनी आपोआप लागू होई, ठरलेल्या दोन-तीन मापकांवरच चाले आणि एका वेळी मर्यादा ३,००० टनांपेक्षा जास्त बदलू देत नसे. २०३५ पर्यंत प्रजननक्षम साठा मूळच्या २० टक्क्यांवर जाण्याची शक्यता किमान ७० टक्के असावी, हे उद्दिष्ट सदस्य देशांनी आधीच मान्य केले होते. तेव्हा हा साठा मूळच्या सुमारे ५ टक्के उरला होता. २०२० च्या मूल्यमापनात तो सुमारे २० टक्क्यांवर आला. साडेनऊ हजार टनांपर्यंत खाली आणलेली मर्यादा २०२४ ते २०२६ साठी २०,६४७ टन झाली आहे.

प्रारूप इथेही आहे, पण त्याचे काम बदलले आहे. धरणाचा अभियंता यंदा पाऊस किती पडेल हे सांगत नाही, सांडवा कोणता पूर सोसेल हे तपासतो. आपला अंदाज चुकला तरी कोणता नियम साठ्याला तारून नेईल, हे प्रारूपाकडून काढून घेता येते, आणि ते काम त्याला खरोखर जमते.

यावरचा पहिला आक्षेप आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या ओठांवर असेल. ट्यूना हा एक मासा, तो पकडणारे देश थोडे. आपल्याकडे एका ट्रॉलच्या खोळात चाळीस जातींची मासळी येते, तिथे टनांची मर्यादा कोण पाळणार? आक्षेप रास्त आहे, पण तो टनांच्या मर्यादेला लागतो, आधी तपासलेल्या नियमाला लागत नाही. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची पावसाळी बंदी हा नियम आहे. जाळ्याचा आस, म्हणजे त्याच्या छिद्राचा आकार, हा नियम आहे. २०१६ चा पर्ससीन जाळ्यांविषयीचा आदेश हा नियम आहे, आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने जाहीर केलेले माशांचे किमान आकारमान हाही नियम आहे. बंदी नारळी पौर्णिमेपर्यंत वाढवावी की नाही, हा वाद दर काही वर्षांनी उफाळतो आणि मोर्चा कोणाचा मोठा यावर थांबतो. १५ दिवस वाढवल्याने कोणत्या मासळीला किती फायदा होतो, आणि आसाचा आकार बदलला तर तोच फायदा कमी तोट्यात मिळतो का, हे संगणकात आधी पाहता येते. तसे पाहिले गेल्याचे सरकारी आदेशांत क्वचितच दिसते.

दुसरा आक्षेप माहितीच्या तुटवड्याचा. खरे सांगायचे तर तो आम्हाला थोडा सोयीस्कर वाटतो. मासळी उतरण्याच्या केंद्रांवर नमुना पद्धतीने नोंदी ठेवण्याची सागरी मत्स्यिकी संस्थेची व्यवस्था अनेक दशके चालू आहे, आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय मत्स्य सर्वेक्षणाकडे स्वतःच्या नौकांनी केलेल्या पाहणीची परंपरा आहे. तुटवडा आहे तो या दोन्ही गोष्टी एका टेबलावर ठेवण्याचा. शिवाय माहिती जितकी अपुरी, तितका नियम आधी तपासण्याचा आग्रह वाढायला हवा. अचूक आकडा मिळेपर्यंत थांबू, असे म्हणणे म्हणजे तोवर आहे तेच चालू ठेवण्याचा निर्णय घेणे, फक्त त्यावर कोणाची सही नसते.

तारली माशाचे उदाहरण देऊन तिसरा आक्षेप घेतला जातो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. केरळात २०१२ मध्ये जवळपास चार लाख टन तारली उतरली आणि २०२१ मध्ये अवघी ३,२९७ टन. तारलीचे थवे समुद्राच्या तापमानावर, पावसावर आणि त्यातून फुलणाऱ्या प्लवकांवर नाचतात. जाळी कमी केली असती तरी एल निनो थांबला नसता, मग प्रारूपाचा उपयोग काय? इथे आम्ही आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूला निम्मे सरकतो. तारलीची पुढच्या वर्षीची पकड सांगण्याचा आव कोणी आणला, तर त्यावर विश्वास ठेवू नये. पेरूच्या अँकोव्हेटाची पकड १९७० मध्ये १.२ कोटी टनांपुढे गेली आणि १९७२ च्या एल निनोत कोसळली. तिथेही वार्षिक मर्यादेचा आकडा काढलेला होताच, पण तो सरासरी समुद्रासाठी होता. वाईट वर्ष कधी येईल हे सांगता येत नसले तरी ते येणार हे ठाऊक असते. मोठ्या तारलीचे प्रमाण घसरू लागले की पर्ससीनचे दिवस किती कमी करायचे, हे आधी ठरवून ठेवणे आपल्या हातात आहे. अशा नियमाने पडझड टळेल असे नाही. अंडी घालणारी थोडी मासळी उरेल आणि सावरायला कमी वर्षे लागतील.

राहिला अंमलबजावणीचा प्रश्न, आणि तिथे फुशारकीला जागा नाही. हिंदी महासागर ट्यूना आयोगाने, ज्याचा भारत सदस्य आहे, २०१६ मध्ये स्किपजॅक ट्यूनासाठी नियम स्वीकारला. त्यातून २०१८ ते २०२० साठी ४,७०,०२९ टनांची वार्षिक मर्यादा निघाली. पहिल्याच वर्षी पकड तिच्या बरीच पुढे गेली, कारण कोणत्या देशाने किती कपात करायची हे ठरलेच नव्हते. वाटणी न ठरवता केलेला नियम कागदावरच राहतो. आपल्याकडे १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचे, पुढे केंद्राचे अधिकार. मासा मात्र गुजरात आणि महाराष्ट्राच्या पाण्यात विनापरवाना ये-जा करतो.

तरीही सुरुवात करायची तर पापलेटपासून करावी. २०२३ मध्ये त्याला राज्यमाशाचा मान मिळाला, त्याचे किमान आकारमान ठरले, आणि त्याची पिल्ले डोल जाळ्यांत सापडतात हेही सर्वांना ठाऊक आहे. सातपाटीसारख्या ठिकाणी सहकारी संस्था पापलेट वजनानुसार प्रतवारी करून घेतात, कारण भाव प्रतीवर ठरतो. हिशेबासाठी ठेवलेली ही प्रतवार नोंद म्हणजे, शास्त्राच्या दृष्टीने, साठ्यातल्या लहान-मोठ्यांच्या प्रमाणाचा दस्तऐवज आहे. त्यातही खोट असणार: लहान मासा दुसरीकडे विकला जातो, भाव बदलले की प्रतींच्या सीमा सरकतात. पण ही खोटच तपासणीच्या संगणकी समुद्रांत घालता येते. लहान प्रतींचा वाटा सलग दोन हंगाम ठरलेल्या पातळीच्या वर गेला, तर पिल्लांच्या काळात डोल जाळी किती आठवडे उचलायची आणि ट्रॉलला किती अंतरापलीकडे ठेवायचे, असे तीन-चार पर्यायी नियम मांडून ते चालवून पाहावेत. ते काम वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था, मत्स्यव्यवसाय विभाग आणि सहकारी संस्थांचे चिटणीस यांनी एकत्र बसून करावे, आणि टेबलाच्या एका बाजूला गुजरातच्या अधिकाऱ्यांसाठी पहिल्या बैठकीपासून खुर्ची असावी.