वाफ नव्हे, फवारा

दमा किंवा सीओपीडीच्या रुग्णासाठी घरी आणलेल्या नेब्युलायझरला आपण सर्रास ‘वाफेचे यंत्र’ म्हणतो. शब्द सोयीचा आहे; पण त्यातून एक घातक गैरसमज जन्मतो. वाफेसाठी पाणी उकळावे लागते आणि उकळीत जंतू तग धरत नाहीत. नेब्युलायझरमध्ये काहीच उकळत नाही. औषध थंडच राहते, त्याचा केवळ फवारा होतो. पेल्यात जंतू असतील तर तेही त्या फवाऱ्याबरोबर थेट फुप्फुसात उतरतात.

ज्येष्ठांना डास-ढेकणांसाठीचा फ्लिटचा पंप आठवत असेल. दांडा ढकलला की हवेचा झोत नळीच्या तोंडावरून जाई आणि खालचे औषध वर ओढले जाऊन त्याचा धुरळा उडे. नेब्युलायझरचे तत्त्व तेच. कॉम्प्रेसरची हवा अरुंद छिद्रातून वेगाने निसटते, तिथला दाब घटतो, औषध वर चढते आणि झोताने फुटते. मोठे थेंब आतल्या अडसरावर आपटून पुन्हा पेल्यात पडतात; साधारण १ ते ५ मायक्रॉनचे बारीक थेंबच खोलवरच्या श्वासनलिकांपर्यंत पोहोचतात. नवरीच्या मेकअपचा एअरब्रश याच युक्तीवर चालतो. परदेशात तर त्याने अंगावर सावळा रंग चढवून घेतात. आपल्याकडे त्यासाठी कोणी पैसे मोजेल असे वाटत नाही!

एअरब्रश अस्वच्छ राहिला तर रंग बिघडतो, इथे माणूस आजारी पडतो. बोदवडसारख्या ठिकाणी पाणी साठवून वापरावे लागते. ते पाणी कितीही नितळ दिसले तरी नेब्युलायझरमध्ये घालू नये. घरी केलेले मिठाचे पाणीही नाही. औषध पातळ करायचे असल्यास डॉक्टरांनी सांगितलेले सीलबंद सलाईनच वापरावे.

प्रत्येक वापरानंतर उरलेले औषध टाकून द्यावे. पेला, मास्क सुटे करून साबणाच्या कोमट पाण्याने धुवावेत आणि उकळून गार केलेल्या पाण्याने खळबळावेत. मग झटकून स्वच्छ कापडावर वाळू द्यावेत. पदराने किंवा पंचाने पुसू नयेत, कारण धुतलेले सारे त्या एका पुसण्याने वाया जाते. हवेची नळी धुवायची नसते; आत दमटपणा दिसला तर नुसता कॉम्प्रेसर थोडा वेळ चालवावा. कोणते भाग उकळत्या पाण्यात टाकता येतात, हे यंत्राच्या पुस्तिकेत पाहावे. जिनिंगच्या दिवसांत हवेत कापसाचे तंतू उडतात, तेव्हा फिल्टर वरचेवर पाहावा; काळवंडला की बदलावा.

एरवी दहा मिनिटांत संपणारे औषध वीस मिनिटे घेऊ लागले, तर छिद्र तुंबले आहे, फिल्टर चोंदला आहे किंवा नळी सैल झाली आहे. छिद्रात सुई मात्र घालू नये. ते रुंदावले की थेंब मोठे होतात आणि औषध घशातच राहते. यंत्र ठीक असूनही धाप वाढत असेल, तर मात्रा स्वतः न वाढवता तत्काळ डॉक्टरांना गाठावे.

रुग्णाला ताठ बसवावे. स्टेरॉइडचे औषध असेल तर नंतर चूळ भरून चेहरा धुवावा. काचबिंदू असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण सैल मास्कमधून काही औषधे डोळ्यांत जाऊन त्रास देतात. अशा वेळी तोंडात धरायची नळी बरी.

आणि शेजाऱ्यांनी यंत्र मागितले तर जरूर द्यावे. पेला, मास्क आणि नळीचा संच मात्र त्यांनी स्वतःचा आणावा. औषधांच्या दुकानात तो वेगळा मिळतो.