विश्लेषण : ड्रोन पाडण्यासाठी शंभर वर्षांपूर्वीच्या मशीनगन पुन्हा का बाहेर आल्या?

युक्रेनमधील ओडेसा परिसरात २०२४ मध्ये एक चमत्कारिक पाठलाग पाहायला मिळाला. याक-५२ हे सोव्हिएत काळातील दोन आसनी, पंख्याचे प्रशिक्षण विमान एका रशियन टेहळणी ड्रोनच्या मागे लागले होते आणि मागच्या आसनावरचा माणूस बंदुकीने त्यावर नेम धरत होता. जमिनीवर ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या मॅक्झिम मशीनगनही दिसल्या. या बंदुकीचे मूळ मॉडेल १९१० चे. पहिल्या महायुद्धातील हवाई लढाईची सुरुवातही अशाच साधनांनी झाली होती.

जुनी शस्त्रे आजच का?

मुख्य कारण वेग आणि दुसरे किंमत. शाहेद-१३६ हे हल्ल्याचे ड्रोन ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाने उडते. १९१७ च्या सॉपविथ कॅमल या ब्रिटिश लढाऊ विमानाचा सर्वाधिक वेगही जवळपास तेवढाच होता. म्हणजे आकाशातील लक्ष्य शतकभर मागे गेले आहे. शाहेदची किंमत २० ते ५० हजार डॉलर असल्याचे अंदाज आहेत. पॅट्रियट यंत्रणेचे एक आधुनिक क्षेपणास्त्र मात्र सुमारे ४० लाख डॉलरला पडते. एका रात्रीत शेकडो ड्रोन येऊ लागले, तर हा हिशेब कोणत्याच देशाला झेपणारा नाही. गोळ्यांचा पट्टा झेपतो.

विमानावर बंदूक बसवणे अवघड का होते?

५ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्सच्या फ्रान्झ आणि केनो या जोडीने व्हॉयझिन विमानातून हॉचकिस मशीनगन चालवून जर्मन विमान पाडले. व्हॉयझिनचा पंखा मागे असल्याने बंदुकीसमोर अडथळा नव्हता. पुढे पंखा असलेल्या वेगवान विमानात मात्र सरळ गोळी झाडली की आपलेच पाते तुटण्याची भीती. रोलाँ गारोस या फ्रेंच वैमानिकाने पात्यांवर पोलादी पाचरी ठोकल्या. आपटलेली गोळी बाजूला उडावी, एवढाच हेतू. उपाय आडदांड होता, पण एप्रिल १९१५ मध्ये त्याने काही दिवस तो यशस्वी करून दाखवला आणि १८ तारखेला तो जर्मनांच्या हाती लागला. त्यानंतर थोड्याच काळात फोकरच्या विमानांवर इंजिनाच्या गतीशी जोडलेली यंत्रणा आली. पाते नळीसमोर असताना बंदूक गप्प राही.

ही यंत्रणा लुईस बंदुकीला नीट जुळत नसे. म्हणून ब्रिटिशांनी ती पंख्याच्या कक्षेच्या वर, वरच्या पंखावर बसवली. वरच्या गोल थाळीत आधी ४७, नंतर ९७ गोळ्या मावत. थाळी संपली की उडत्या विमानात वैमानिकाने ती स्वतः बदलायची. मे १९१५ मध्ये लुई स्ट्रेंज हा वैमानिक अडकलेली थाळी ओढत असताना विमान उलटे झाले आणि तो बाहेर लोंबकळू लागला. निघत नाही म्हणून तो जिला शिव्या देत असावा, त्याच थाळीला धरून तो वाचला. एसई-५ए विमानात पुढे लुईस बंदूक रुळावरून खाली ओढण्याची सोय झाली. जोडीला व्हिकर्स बंदूक होती. याच विमानातून कोलकात्याचे इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये दहा हवाई विजय मिळवले. त्याच महिन्याच्या २२ तारखेला ते मारले गेले, तेव्हा वय होते १९.

जमिनीवरची बंदूक हवेत कशी बदलली?

या विमानांची छोटी मॉडेल बनवणाऱ्या छांदिष्टांना हा भाग तोंडपाठ असतो. व्हिकर्स आणि जर्मन एलएमजी ०८/१५ या दोन्ही मॅक्झिमच्याच वंशातल्या. जमिनीवर त्यांच्या नळीभोवतीच्या आवरणात थंड करण्यासाठी पाणी भरत. हवेत समोरून वारा येतोच, मग पाण्याचे ओझे कशाला? आवरणाला खाचा पाडल्या. जर्मन बंदुकीला ‘स्पँडाऊ’ म्हणतात, ते तिच्यावरच्या शस्त्रकारखान्याच्या ठशामुळे. लुईसचे जाड आवरण तर काढूनच टाकले आणि दस्त्याच्या जागी फावड्यासारखी मूठ आली. मॉडेलवर खाचांऐवजी गुळगुळीत नळकांडे दिसले की जाणकार नाक मुरडतात, ते उगाच नाही.

तोफांचे काय झाले?

स्पॅड-१२ या फ्रेंच विमानात ३७ मिमीची तोफ पंख्याच्या मध्यातून डागली जाई. प्रत्येक गोळा वैमानिकाने हाताने भरायचा, त्यामुळे ती फार थोड्यांनी वापरली. टिकली ती जर्मनीची २० मिमी बेकर तोफ. युद्धानंतर तिची रचना स्वित्झर्लंडमध्ये गेली आणि ओर्लिकोन कंपनीने ती वाढवली. जर्मनीने युक्रेनला दिलेल्या गेपार्ड वाहनांवरच्या ३५ मिमी तोफा ओर्लिकोनच्याच. भारतानेही मे २०२५ मध्ये पाकिस्तानी ड्रोनविरुद्ध एल-७०, झेडयू-२३ आणि शिल्का या जुन्या तोफा वापरल्या. त्यांची घराणी वेगळी, पण काम तेच.

बंदूक पुरेशी आहे का?

३ सप्टेंबर १९१६ च्या पहाटे लीफ रॉबिन्सन याने लंडनजवळ जर्मन हवाई जहाज पाडले. लुईसच्या दोन थाळ्या वाया गेल्या, तिसरीने ते पेटले. त्यातील आग लावणाऱ्या गोळ्यांमुळे जर्मनांनी पुढच्या वर्षी पाच हजार मीटरपेक्षा उंच जाणारी जहाजे आणली. आज तेच घडत आहे. जड मशीनगनचा मारा दीड-दोन किलोमीटरपर्यंतच परिणामकारक ठरतो. त्यामुळे रशियाने २०२५ मध्ये शाहेद दोन-तीन हजार मीटर उंचीवरून पाठवायला सुरुवात केली. जेट इंजिनाचे प्रकारही आले आहेत. ट्रकवरच्या मॅक्झिमची उपयुक्तता त्यामुळे झपाट्याने आटते आहे.

युक्रेनचा भर आता ड्रोनवर थेट जाऊन आदळणाऱ्या स्वस्त ड्रोनवर आहे. ही कल्पनाही नवी नाही. ८ सप्टेंबर १९१४ रोजी प्योत्र नेस्तेरोव्ह या रशियन वैमानिकाने आपले विमान ऑस्ट्रियन विमानावर आदळवले होते आणि दोन्ही विमानांतील सगळे मेले. ते घडले झोव्क्वा गावाजवळ, आजच्या युक्रेनमध्येच. या वेळच्या धडकेत विमानात कोणी बसलेले नसते.