मुरमाची वाट आधी गावाला हवी

थंडीच्या दिवसांत रविवारी सकाळी पुण्याकडून सायकलस्वारांचे लहानमोठे जथे शिरूर आणि दौंडच्या दिशेने येताना दिसू लागले आहेत. त्यांच्या सायकली रुंद, खरबरीत टायरच्या असतात. डांबरी रस्ता त्यांना नकोच असतो. मोटारींच्या वर्दळीपासून दूर, माळावरून, कालव्याच्या कडेने आणि द्राक्षमळ्यांमधून जाणारी मुरमाची वाट ते शोधत असतात. द्राक्षबागा, वाईनचे कारखाने व कृषिपर्यटन केंद्रे यांना जोडणारा स्वतंत्र सायकलमार्ग आपल्याकडेही असावा, अशी कल्पना त्यातूनच बोलली जाऊ लागली आहे. कल्पना वाईट नाही. मात्र असा मार्ग नव्याने बांधावा लागेल, हे तिच्यातील गृहीत तपासून घेणे आवश्यक आहे.

वास्तविक तो मार्ग आपल्याकडे पूर्वीपासून आहे. त्याचे नाव पाणंद. गावाच्या नकाशावर तुटक रेषांनी दाखवलेल्या गाडीवाटा व पाऊलवाटा, दोन गावांच्या शिवेवरून जाणारे शिवरस्ते आणि कालव्यांच्या भरावावरील सेवारस्ते असे हे जाळे आहे. घोड धरणाचा उजवा कालवा आणि चासकमान व डिंभ्याचे कालवे शिरूर तालुक्यात येतात, तर खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा दौंड तालुक्यातून पुढे इंदापूरकडे जातो. नकाशा पुढे ठेवून या वाटा जोडत गेले, तर महामार्गाला क्वचितच स्पर्श करून बराच मुलूख पालथा घालता येईल. अडचण एवढीच की, नकाशावर असलेली वाट जमिनीवर असतेच असे नाही.

पाणंद नाहीशी कशी होते, हे खेड्यात राहणाऱ्यास सांगावयास नको. एका वर्षी बांध कोरला जातो, दुसऱ्या वर्षी नांगर थोडा पुढे सरकतो, तिसऱ्या वर्षी वाटेत आडवा चर पडतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा व्यवहार विलक्षण तोट्याचा आहे. अडवणाऱ्याच्या पदरात उसाच्या चार सऱ्या पडतात, पण वाटेच्या पलीकडील प्रत्येक शेतकऱ्याचा माल डोक्यावरून वाहावा लागतो, पावसाळ्यात टेम्पो बांधापर्यंत येत नाही आणि द्राक्षासारख्या नाजूक पिकाला त्याची किंमत मोजावी लागते. लाभ एकाचा व उघड, तोटा अनेकांचा व विखुरलेला, म्हणूनच त्याविरुद्ध कोणी उभे राहत नाही.

या तोट्याचा एक भाग हिशेबाच्या वहीत कधीच येत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक हुशार मुलगी होती. वस्तीवरून पाणंदीने सायकलवर ती वीस मिनिटांत महाविद्यालयात येत असे. एका पावसाळ्यानंतर ती पाणंद नांगरली गेली. उरला तो महामार्ग. कारखान्यांकडे धावणारे कंटेनर आणि दोन दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर यांच्या शेजारून मुलीने रोज सायकल चालवावी, हे वडिलांना पटले नाही. त्यांना दोष देण्याचे धैर्य मला झाले नाही. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर तिचे शिक्षण थांबले. रविवारच्या पाहुण्याला हवा असलेला मोटारविरहित रस्ता आणि त्या मुलीला हवा असलेला रस्ता हे दोन रस्ते नव्हेत. तो एकच रस्ता आहे, हे या लेखाचे सांगणे आहे.

परदेशातील अनुभवही हेच सांगतो. इटलीतील किआंती हा द्राक्षांचा व वाईनचा प्रसिद्ध प्रदेश. तेथील पांढऱ्या मातीचे जुने रस्ते एकामागून एक डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा गायोले या गावी १९९७ मध्ये जुन्या सायकलींची ‘लेरोइका’ ही फेरी सुरू झाली. ते रस्ते टिकावेत, हा तिचा एक हेतू होता. २००७ पासून त्याच प्रदेशातील पांढऱ्या रस्त्यांवरून व्यावसायिक सायकलपटूंची शर्यतही होते. फ्रान्समध्ये बोन ते सांतने हा द्राक्षमळ्यांतून जाणारा सायकलमार्ग शेतरस्त्यांचाच उपयोग करून घेतो. आधी शेती, मग तिची वाट आणि त्या वाटेवर पाहुणा, असा तेथील क्रम आहे. आपण तो उलटा लावू पाहत आहोत.

उलट्या क्रमातील धोका आपल्या जिल्ह्याला अपरिचित नाही. शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगाव येथे १९८० च्या दशकात वाईन उद्योगाचा पाया घातला गेला. त्या उद्योगाचे नाव देशभर झाले, परंतु २००८ च्या मंदीनंतर कर्जाच्या ओझ्याखाली तो कोसळला. राज्याने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले. नाशिक त्या धोरणानंतर बहरले. आपल्याकडे दौंड तालुक्यात पाटसजवळच्या रोटी गावी माळावर मोठी वाईनरी उभी राहिली. असे उद्योग यावेत आणि वाढावेत. परंतु कारखान्याचे मालक बदलतात, बाजार चढतो व उतरतो. एखाद्या कारखान्याच्या दारापर्यंत सार्वजनिक पैशाने बांधलेला शोभेचा सायकलमार्ग त्याच्या नशिबाला बांधला जातो. पाणंद मात्र कारखाना असो वा नसो, उपयोगी पडतच राहते.

यावर काही आक्षेप येतील व ते रास्त आहेत. वाईनच्या निमित्ताने मद्यपानाला प्रतिष्ठा मिळेल, हा पहिला. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाईनविक्रीस परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा शिरूरपासून दूर नसलेल्या राळेगणसिद्धीतून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला होता. ही भावना या परिसरात खोल आहे आणि तिचा उपहास करणे योग्य नाही. पण पाणंद कोणाला वाईन पाजत नाही. खाण्याच्या द्राक्षांचा मळा, मोराची चिंचोली येथील मोर व चिंचेची झाडे, रांजणगावचा गणपती ही ठिकाणेही पाहुण्याला पुरेशी आहेत. दुसरा आक्षेप बिबट्याचा. शिरूर तालुक्यातील उसाच्या पट्ट्यात ही भीती काल्पनिक नाही. तेव्हा अशा वाटांवरील सहल लख्ख उजेडातच व्हावी आणि वाटेकडेची झुडपे वेळेवर काढली जावीत. तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा असेल: आम्हाला मुरूम नको, डांबर हवे. काळ्या रानात चिखल तुडवणाऱ्याची ही मागणी समजण्यासारखी आहे. परंतु खडीवर दाबलेला मुरूम, दोन्ही बाजूंस चारी आणि ओढ्यावर मोरी एवढे केले, तर शेताची वाट बारमाही होऊ शकते. डांबर पडताच महामार्गाची कोंडी टाळणारी अवजड वाहने त्याच वाटेने घुसतात, आणि सायकलवरची मुलगी पुन्हा बाजूला फेकली जाते.

यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ नुसार वहिवाटीच्या रस्त्यातील अडथळा दूर करता येतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ नुसार बांधावरून वाट मिळू शकते. २०२१ मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आणली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांनी याच मुलखात रस्ते घडवले, आणि त्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. परंपरा, कायदा आणि योजना तिन्ही आहेत. उणीव आहे ती गावाने एकत्र येऊन मोजणी करून घेण्याची आणि तहसीलदारांनी दिलेला आदेश जमिनीवर उतरवण्याची.

आरंभ लहान असावा. दोन्ही तालुक्यांतील प्रत्येकी दहा गावांनी ग्रामसभेत नकाशा मांडून आपल्या पाणंदी निश्चित कराव्यात व मोकळ्या कराव्यात. जलसंपदा विभागाने कालव्यांचे सेवारस्ते शेतकरी व सायकलस्वारांसाठी खुले ठेवून त्यांवरून अवजड वाहतूक बंद करावी. साखर कारखान्यांनी आपल्या वाहतुकीने खचलेल्या वाटांच्या दुरुस्तीचा वाटा उचलावा. असे जाळे तयार झाले की पुण्याचा पाहुणा आमंत्रणाची वाट पाहणार नाही. तो येईल, वस्तीवर चहा पिईल, द्राक्षे विकत घेईल आणि चार पैसे गावात ठेवून जाईल. परंतु वाट यशस्वी झाली की नाही, याचा निर्णय रविवारी करू नये. सोमवारी सकाळी त्याच वाटेने किती मुली सायकलवर शाळा-महाविद्यालयांत पोहोचतात, ते मोजावे.